फँटम रँच: दरीच्या तळाशी एक रात्र, माझी नणंद आणि लिंबाचं सरबत

माझ्या नणंदेने, म्हणजे ताईंनी, आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट काढलेलं नाही. चौतीस वर्षं त्या बँकेत कॅश काउंटरवर बसल्या. फुकटचा पैसा हातात टिकत नाही, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन दरीच्या तळाशी एक रात्र राहायचं तर लॉटरीत नाव घालावं लागतं, हे ऐकल्यावर त्या आधी माझ्यावरच उखडल्या. "अगं, झोपायच्या खाटेची कसली लॉटरी?"

पण ती खरंच असते. फँटम रँचवर, म्हणजे दरीच्या तळाच्या त्या मुक्कामावर, राहायला मागणारे इतके आणि खाटा इतक्या कमी, की पंधरा महिने आधी महिन्याच्या १ ते २५ तारखेच्या आत अर्ज भरायचा आणि मग सोडत निघायची वाट बघायची. जुलै २०१८ मध्ये मी माझं नाव घातलं, नवऱ्याने त्याचं घातलं आणि ताईंना फोन करून, बरंच समजावून, त्यांचंही घातलं. आमच्या दोघांची नावं आली नाहीत. ताईंचं आलं. ऑक्टोबर २०१९, बायकांच्या डॉर्मिटरीत दोन खाटा. नवरा घरी राहिला आणि मी आणि ताई निघालो. मी सत्तेचाळीस वर्षांची, ताई एकसष्टच्या.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली, तरी कुणी अमेरिकेत फिरायला निघालं की मला हमखास विचारतं, "ते दरीच्या तळाचं खरंच तेवढं मोलाचं आहे का?" म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. आहे. मी राहिलेल्या सगळ्या जागांमध्ये ही जागा पहिली. कारण सांगायला मात्र वरून सुरुवात करावी लागेल, कारण फँटम रँचला गाडीरस्ता नाही. पायी जा, खेचरावर बसून जा, नाहीतर कोलोराडो नदीतून तराफ्याने या. तिथे जेवायच्या टेबलावर जे जे दिसतं ते खेचराच्या पाठीवरून खाली आलेलं असतं, आणि तिथला कचरा खेचराच्याच पाठीवरून वर जातो. प्रत्येक वस्तूचं वजन कुणीतरी वाहिलेलं आहे. ते एकदा डोक्यात बसलं की सरबताचा ग्लाससुद्धा वेगळा लागतो.

वजनावरून आठवलं. निघायच्या आदल्या रात्री लॉजच्या खोलीत मी ताईंची बॅग हातातल्या काट्याला लावली. सव्वाअकरा किलो. मी बॅग उघडली. दोन मोठे टॉवेल, छत्री, स्टीलचा पेला, गरम पाण्याची रबरी पिशवी, हिशोबाची वही, आणि एक पितळी कुलूप. मुठीएवढं, जुन्या घडणीचं.

"ताई, हे कुलूप कशाला?"

"दहा अनोळखी बायका एका खोलीत. बॅगेला कुलूप नको?"

सामान खेचरावरून पाठवायची सोय आहे. एका थैलीत १३.६ किलोपर्यंत, वेगळे पैसे भरून, आणि तेही आधी ठरवावं लागतं. मी म्हटलं, ताई, पुढच्या वेळी तसं करू. ताई म्हणाल्या, "माझं ओझं मी मुक्या जनावरावर टाकणार नाही." गरम पाण्याची पिशवी आणि एक टॉवेल मी गाडीत ठेवायला लावला. कुलपावर आणि छत्रीवर मला हार मानावी लागली.

उतरताना आम्ही साउथ कायबाब ट्रेल घेतली आणि चढताना ब्राइट एंजल. तुम्हीही तसंच करा. साउथ कायबाब साधारण ११ किलोमीटरची, डोंगराच्या धारेवरून जाते. डावी-उजवीकडे दरी उघडी, नजर अडत नाही. पण वाटेत पाण्याचा एक थेंब नाही आणि सावली नावालाच. ब्राइट एंजल १५ किलोमीटरच्या पुढे, पण तिच्यावर पाणी आहे, झाडं आहेत, विसाव्याच्या झोपड्या आहेत. चढायला तीच हवी. साउथ कायबाबच्या तोंडाशी स्वतःची गाडी नेता येत नाही. पार्कची फुकट बस पहाटे सोडते.

साडेसहाला आम्ही निघालो तेव्हा वर चांगलीच थंडी होती. दात वाजत होते. काठापासून तळापर्यंत उंचीत जवळजवळ १,४५० मीटरचा फरक आहे, त्यामुळे खाली वरच्यापेक्षा दहा-अकरा अंश जास्त गरम असतं. आपण अर्ध्या दिवसात हिवाळ्यातून उन्हाळ्यात चालत जातो. उन्हाळ्यात तळाशी पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तिकडे फिरकू नका. ऑक्टोबर आणि एप्रिल हे आपल्यासारख्यांचे महिने.

पहिल्या दीड किलोमीटरवर एक वळण येतं आणि अचानक सगळी दरी समोर उघडते. या जागेचं अधिकृत नाव 'ऊ-आ पॉइंट' आहे, माणसाच्या तोंडून निघणाऱ्या आवाजावरूनच ठेवलेलं. मी ताईंना ते आधी सांगितलं नव्हतं. त्या वळणावर आल्या, थांबल्या आणि एवढ्या मोठ्याने "अगं बाई!" म्हणाल्या की पुढे चाललेले चार जण वळून बघायला लागले. मी नाव सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "मग वहीत 'अगंबाई पॉइंट' लिहिते." वहीत तसंच आहे.

ही वही म्हणजे ताईंचा श्वास. त्या सगळं मोजतात. वळणं, पाण्याचे घोट, समोरून येणारी माणसं. उतरताना दर वळणाला त्या बोटाचं एक पेर पुढे सरकवत होत्या, आणि त्यांच्याशी बोलायचं तर दोन वळणांच्या मधल्या सरळ पट्ट्यातच बोलायचं, असा नियम त्यांनी मला घालून दिला.

सीडर रिजच्या खाली खेचरांचा तांडा भेटला. वर चाललेला, रिकाम्या पेट्या, कचरा आणि टपाल घेऊन. खेचरं आली की काय करायचं हे ट्रेलच्या सुरुवातीलाच फलकावर लिहिलेलं असतं. डोंगराच्या बाजूला, भिंतीला लागून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. हालचाल नको, आवाज नको, खेचरवाला सांगेल ते ऐकायचं, आणि शेवटचं खेचर चांगलं पुढे गेल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. ताई भिंतीला पाठ लावून राष्ट्रगीताला उभं राहतात तशा ताठ उभ्या राहिल्या. छत्री खांद्याला. पहिलं खेचर गेलं, दुसरं गेलं. तिसरं बरोबर ताईंच्या समोर थांबलं, मागचे पाय फाकवले आणि मोकळं व्हायला लागलं.

खेचर एवढं पाणी पोटात ठेवतं यावर माझा विश्वास बसला नाही. लाल मातीत ओहोळ झाला आणि तो ताईंच्या बुटांच्या दिशेने निघाला. सरकायचं नाही हा नियम. आवाज करायचा नाही हाही नियम. ताईंनी दोन्ही पायांचे चवडे हळूहळू वर उचलले आणि टाचांवर उभ्या राहिल्या. मी ओठ इतके घट्ट मिटून धरले होते की डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी खेचर हललं, खेचरवाल्याने टोपीला हात लावून माफी मागितली, तांडा वळणाआड गेला, आणि ताईंनी पहिला शब्द काढला. "एक्केचाळीस सेकंद." वही काढली, लिहिलं आणि मग आम्ही दोघी तिथेच दगडावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

स्केलेटन पॉइंटवरून नदी पहिल्यांदा दिसते, एखादा हिरवा दोरा पडल्यासारखी. तिथे ताईंच्या बोटांनी कुरकुर सुरू केली. बूट नवे होते, एका मोठ्या दुकानातून घेतलेले, आणि विकणाऱ्या मुलाने "अगदी फिट बसलेत" म्हणून कौतुक केलं होतं. तेच चुकलं. उतारावर पाय पुढे सरकतो आणि बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात. अर्धा नंबर मोठा बूट, जाड मोजे आणि आदल्या दिवशी कापलेली नखं, एवढं त्याने सांगितलं असतं तर ताईंची दोन नखं काळी पडली नसती. मी बोटांना कागदी टेप गुंडाळली आणि लेस घोट्याजवळ दोन वेढे घेऊन घट्ट बांधली, म्हणजे टाच मागे धरून राहते. त्याने निभावलं. आपल्याबरोबर येणारं माणूस साठीच्या पुढचं असेल तर बूट घरी महिनाभर घालून चालायला लावा, हे मी फार तळमळीने सांगते.

मग काळा पूल. दगडातल्या लहानशा बोगद्यातून बाहेर आलं की थेट पुलावर पाय पडतो. १९२८ मध्ये पुरा झालेला झुलता पूल, सुमारे १३४ मीटर लांबीचा. त्याच्या आठ मुख्य तारदोरांपैकी प्रत्येकाचं वजन हजार किलोच्या वर होतं. एवढा अखंड दोर खेचरांवर लादता येईना. तेव्हा हवासुपाई या इथल्या मूळ जमातीच्या ४२ माणसांनी तो खांद्यावर घेतला आणि एकामागे एक, एका रांगेत, वरून खालपर्यंत चालत आणला. एक दोर झाला की दुसरा. असे आठ.

हे मी पुलावर उभं राहून ताईंना सांगितलं. त्यांनी कठड्याला हात लावला आणि तोंडातल्या तोंडात भागाकार केला. "माणशी पंचवीस किलो." थोडा वेळ गप्प राहिल्या. "आणि एकाचा पाय घसरला असता तर बेचाळीस जण." मग बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि पुढे चालायला लागल्या. त्यानंतर परत वर येईपर्यंत त्यांनी बॅगेच्या वजनाबद्दल चकार शब्द काढला नाही.

आता रँच. पूल ओलांडून ब्राइट एंजल ओढ्याच्या काठाने दहा-पंधरा मिनिटं चाललं की कॉटनवुडची झाडं दिसतात. सहा तास लाल, तपकिरी आणि काळा दगड बघितल्यावर ती हिरवी-पिवळी पानं डोळ्यांना अक्षरशः ओली लागतात. ओढ्याचं नाव अमेरिकन संशोधक मेजर पॉवेलच्या १८६९ च्या मोहिमेतलं आहे. वरच्या बाजूला एका गढूळ नदीला त्यांनी 'डर्टी डेव्हिल', म्हणजे घाणेरडा सैतान म्हटलं होतं. इथे स्वच्छ झरा लागला तेव्हा त्याला 'ब्राइट एंजल', तेजस्वी देवदूत म्हटलं.

मेरी कोल्टर नावाच्या वास्तुरचनाकार बाईंनी १९२२ मध्ये या रँचची रचना केली. फँटम हे नावही त्यांनीच सुचवलेलं. त्या काळात एका बाईने, जिथे खिळासुद्धा खेचरावरून आणावा लागतो अशा ठिकाणी, इमारती उभ्या करवल्या. त्यांनी भिंतींना आजूबाजूचेच गोटे वापरले. आणायचं ओझं वाचलं, आणि शिवाय त्या खोल्या दरीतूनच उगवल्यासारख्या दिसतात. मी एका भिंतीला हात लावून बघितला. उन्हात सगळं तापलेलं, पण सावलीतला तो गोटा थंड होता आणि नदीने शेकडो वर्षं घासून त्याला हाताच्या तळव्यासारखा गुळगुळीत केलेला.

कँटीनमध्ये शिरलो तेव्हा दीड वाजला होता. इथल्या लिंबाच्या सरबताची कीर्ती सगळ्या ट्रेलवर आहे. वर चाललेली माणसं आपल्याला बघून "सरबत प्या हं" एवढंच सांगून पुढे जातात. ताईंनी स्टीलचा पेला काढला आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, यात दे. तिने दिला. पेल्याला बाहेरून लगेच दव धरलं आणि एक थेंब ओघळून ताईंच्या मनगटावरच्या धुळीत लाल रेघ काढत कोपरापर्यंत गेला. ताईंनी एक घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. गोड जरा जास्तच, आंबट बेताचं, आणि थंड. घरी कुणी हेच सरबत पुढे केलं असतं तर ताईंनी "साखर फार झाली" म्हणून नाव ठेवलं असतं. तिथे त्या म्हणाल्या, "अजून एक." दिवसभरात पाच ग्लास झाले. माझे चार.

दुपार ओढ्यात पाय सोडून काढा. नदीत उतरू नका. वरच्या धरणाच्या खोलातून सोडलेलं पाणी उन्हाळ्यातही बर्फासारखं गार असतं आणि ओढ तर भयंकर. ओढा मात्र मायाळू आहे. ताईंची काळी नखं त्या पाण्यात तासभर निवांत होती.

डॉर्मिटरी म्हणजे तेव्हा एक खोली होती, दहा खाटा, एकावर एक, आणि आतच न्हाणीघर. चादरी-टॉवेल रँचचे, त्यामुळे ताईंचा टॉवेल फुकट आला. खालची खाट ताईंना, वरची मला. ताईंनी बॅगेच्या दोन चेनी एकत्र ओढून त्यांत पितळी कुलूप घातलं आणि किल्ली सेफ्टी पिनेने गळ्याशी लावली. बाकीच्या आठ जणी बघत होत्या. एकीने विचारलं, आत काय आहे? मी खरं ते सांगितलं. "शेंगदाणे."

जेवण खाट ठरवतानाच सांगून ठेवायचं असतं. आयत्या वेळी काही मिळेल असं धरून जाऊ नका. मांस खाणाऱ्यांना स्टेक किंवा स्ट्यू. स्ट्यू गोमांसाचा असतो, ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावं. शाकाहारी ताट आधी सांगितलं तर मिळतं. आम्हाला राजमा घातलेली झणझणीत चिली मिळाली. बरोबर मक्याचा पाव, सॅलड आणि चॉकलेट केक. घंटा वाजली, दार उघडलं, नावं घेऊन लांब टेबलांवर बसवलं. भांडी मध्ये ठेवलेली, ज्याने त्याने घ्यायचं आणि पुढे द्यायचं.

इथे ताई फुलल्या. पुढे द्यायचं हे त्यांना पटेना. त्या उठून उभ्याच राहिल्या आणि पंगतीत वाढतात तसं वाढायला लागल्या. "घ्या हो, संकोच करू नका," चक्क मराठीत. समोर एक धिप्पाड गृहस्थ होते, त्यांच्या ताटात ताईंनी सॅलडची तिसरी खेप घातली तेव्हा त्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. ताईंनी हातांच्या बाजूने वाढलं. टेबल हसलं, गृहस्थ हसले आणि त्यांनी ते संपवलं. रँचच्या मुलांनी ताईंना बसा म्हटलं नाही. एकाने येऊन मोठा चमचा हातात दिला. चांगली सेवा कशाला म्हणायची, तर मी त्या चमच्याकडे बोट दाखवीन. पाहुण्याला काय करण्यात आनंद आहे ते ओळखायचं आणि वाटेतून बाजूला व्हायचं.

रात्री रेंजरबाईंनी जांभळ्या दिव्याची बॅटरी घेऊन आम्हाला फिरवलं. त्या उजेडात विंचू चमकतो. भिंतीच्या सांदीत मला आधी काही दिसलं नाही, आणि मग एकदम एक हिरवट, काजव्यासारखी आकृती, नांगी वर वळवलेली, स्तब्ध. बोटभरसुद्धा नाही. इतकं सुंदर काही इतक्या जवळून मी क्वचित बघितलं असेल. ताईंनी तीन मोजले. रेंजरबाई जाता जाता म्हणाल्या, सकाळी बूट घालायच्या आधी झटका.

पहाटे, अजून काळोख असताना, रँचचा मुलगा दारावर टकटक करून गेला, न्याहारीची हाक म्हणून. मी डोळे उघडले तर खोलीत धप, धप, धप असा आवाज. ताई हेडलॅम्प लावून जमिनीवर बसल्या होत्या आणि दहाही जणींचे बूट ओळीने घेऊन एकेक उलटा करून झटकत होत्या. वीस बूट. आठ अनोळखी बायका खाटांवरून माना बाहेर काढून बघत होत्या. शेवटचा बूट झाल्यावर ताईंनी इंग्रजीत जाहीर केलं, "नो स्कॉर्पियन. ऑल क्लियर." टाळ्या पडल्या. खऱ्याखुऱ्या.

न्याहारी भरपूर. अंडी, पॅनकेक, पीच, कॉफी. ती टाळू नका, कारण पुढे अख्खा दिवस चढ आहे. तिथे सगळेच सांगतात, उतरणं तुमच्या मर्जीवर, चढणं मात्र सक्तीचं.

निघायच्या आधी कँटीनमधून पोस्टकार्डं घेतली. इथून टाकलेल्या कार्डावर खेचरावरून टपाल गेल्याचा शिक्का मारतात. ताईंनी सात कार्डं लिहिली, सहा बँकेतल्या मैत्रिणींना. सातवं लिहिताना त्यांनी हात आडवा धरला आणि मला बघू दिलं नाही.

चढाचं थोडक्यात सांगते. चंदेरी पुलावरून नदी ओलांडली. याच पुलाखालून वरच्या माणसांना पाणी नेणारी पाइपलाइन जाते. मग वाळू, मग ओढा, मग 'डेव्हिल्स कॉर्कस्क्रू' नावाची बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखी फिरत जाणारी वाट. तिथले काळे दगड १७० कोटी वर्षांच्याही आधीचे आहेत आणि दरीच्या काठावरचे सुमारे २७ कोटी वर्षांचे. ताई म्हणाल्या, "म्हणजे दर वळणाला कोटीच्या घरात वर्षं. पगार बरा आहे."

मधल्या हिरव्या जागेचं नाव आज हवासुपाई गार्डन्स आहे. आम्ही गेलो तेव्हा वेगळं होतं, २०२२ मध्ये बदललं. हवासुपाई लोक इथे शेती करायचे. त्यांच्यातल्या शेवटच्या रहिवाशाला १९२८ मध्ये इथून बाहेर काढलं गेलं. ज्या वर्षी त्यांच्याच बेचाळीस माणसांनी पुलाचे दोर वाहिले, त्याच वर्षी. ही गोष्ट मला नंतर वाचताना कळली. तेव्हापासून ती दोन चित्रं माझ्या मनात वेगळी होत नाहीत, आणि मला वाटतं तिथे बसून पाणी पिणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असावी.

पाण्याबरोबर खारट खा, हे विसरू नका. नुसतंच पाणी पीत गेलात तर अंगातलं मीठ पातळ होऊन माणूस आडवा होतो, आणि ते उन्हाच्या त्रासाइतकंच घातक आहे. त्यासाठीच शेंगदाणे होते. मी माझी बॅग बाकावर ठेवून नळाशी गेले, परतले तर एक जाडजूड खार माझ्या कप्प्याची चेन सरकवून आत शिरलेली, फक्त शेपूट बाहेर. या दरीत माणसाला सगळ्यात जास्त चावते ती खार, साप नव्हे, म्हणून हाताने हुसकावायची सोय नाही. मी लांबून टाळ्या वाजवल्या. तिने पुडी तोंडात धरली आणि गेली. मग तिची भावंडं ताईंच्या बॅगेकडे वळली. चेनीशी खटपट केली, कुलूप हुंगलं, एकीने पितळेला दात लावून बघितला. आणि निघून गेल्या.

ताईंनी गळ्याची पिन काढली, सावकाश कुलूप उघडलं, शेंगदाण्यांची पुडी बाहेर काढली आणि माझ्या ओंजळीत निम्मे ओतले. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

छत्रीचंही कबूल करते. त्यापुढच्या उघड्या चढावर त्या छत्रीच्या सावलीत आम्ही दोघी आलटून पालटून चाललो, आणि किमान चार जणांनी थांबून विचारलं, ही कल्पना आम्हाला का सुचली नाही.

वळणं मात्र चुकली. जेकब्ज लॅडर नावाच्या चढाच्या आसपास एका मुलाने ताईंना वेळ विचारली, ताईंनी घड्याळ बघितलं आणि आकडा गेला. त्या थांबल्या. मागे वळून खाली बघितलं. "अगं, त्या झोपडीपर्यंत परत जाऊन मोजत येऊ या का?" मी लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना सरळ "नाही, ताई" म्हटलं. त्यांनी ते ऐकलं, बहुधा पाय माझ्या बाजूने होते म्हणून. काठावर पोचलो तेव्हा दिवे लागले होते. दहा तास पंचवीस मिनिटं.

पाचपैकी पाच तारे. खाट मिळणं अवघड, मोबाइल लागत नाही, आणि २०२३ पासून नव्या पाइपलाइनचं काम सुरू झाल्यामुळे ट्रेल आणि रँच मधूनमधून बंद ठेवतात. तेव्हा अर्ज भरताना आणि निघताना पार्कच्या संकेतस्थळावर बघूनच पुढे जा. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचा हट्ट अजिबात करू नका. रेंजर कळकळीने सांगतात, त्यांना तिथून माणसं उचलून आणावी लागतात. गुडघे धड नसतील तर काठावरून बघा, तेही थोडं नाही.

सातवं कार्ड सुमारे तीन आठवड्यांनी आमच्याच घरी आलं, माझ्या नवऱ्याच्या नावाने. कोपरा दुमडलेला, त्यावर खेचराचा शिक्का, आणि ताईंचं कॅशबुकातलं बारीक अक्षर:

"चि. बाळू, खेचरं १०. विंचू ३. सरबत ५. कुलूप घेऊन आले ते योग्यच केलं. तुझी बायको चांगली चालते, पण गाठी ढिल्या बांधते. आता वर निघतोय. वळणांचा हिशोब लागला तर ठीक, नाहीतर पुढच्या लॉटरीत माझं नाव घाल."

कार्ड वाचून झाल्यावर नवऱ्याने कॅलेंडर बघितलं. महिन्याची चोवीस तारीख होती.